आमची वाटचाल : शिरोलीची फौंड्री आणि शनिवारची शेवटची लॅडल

आमच्या फौंड्रीला, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्याला, 'टाळकुट्यांची फौंड्री' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा राग आला होता, तो अजून गेलेला नाही. हे नाव ज्यांनी ठेवलं ते आमच्याच शिरोली एमआयडीसीत आहेत, आमच्यासारखंच ग्रे आयर्न (बीड) ओततात, आणि आमच्या हाताखाली शिकलेला सुपरवायझर आज त्यांच्या पगारावर आहे. नाव घेत नाही. पण टाळ वाजवणाऱ्या माणसांनी काय काय शोधून काढलं, ते एकदा कागदावर यायला हवं.

कोल्हापूरच्या माणसाला फौंड्री समजावून सांगावी लागत नाही. शाहू महाराजांच्या काळापासून इथल्या मिस्त्रींनी परकं यंत्र उघडायचं आणि तसंच इथं घडवायचं, हाच धडा गिरवला. उद्यमनगरात ऑइल इंजिनं झाली, त्यांच्या सुट्या भागांसाठी भट्ट्या पेटल्या, मग शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. आम्हीही त्याच ओघातले. जागेची आणि कर्जाची कागदपत्रं माझी, हात आबांचे. आबा म्हणजे माझे भागीदार, पेशानं मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारे, गळ्यात तुळशीची माळ. भागीदारीत त्यांनी काय आणलं असं कुणी विचारलं, तर मी त्यांची हत्यारं दाखवतो. लाकडी रॅमर, पितळी मुठीची थापी, लिफ्टर, कुंचा आणि सायकलच्या स्पोकची व्हेंट वायर (वाळूत गॅससाठी भोक पाडायची तार). थापीची कड झिजून चंद्रकोरीसारखी झाली आहे. खंडेनवमीला पूजेत ती आजही मधोमध असते.

आबा सगळ्यांना माऊली म्हणायचे. भट्टी सांभाळणाऱ्या मेल्टरला माऊली, फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेला नग घासून साफ करणाऱ्या पोरालाही माऊली. वारीत जसं पुढचा मागच्याच्या पाया पडतो आणि मागचा पुढच्याच्या, तसं पहिल्या टॅपिंगच्या (भट्टीतून लोखंड काढण्याच्या) आधी भट्टीजवळ सगळे उभे राहायचे, दोन मिनिटं गप्प, मग एकमेकांना नमस्कार आणि काम सुरू. यात जबरदस्ती कुणावर नव्हती. आमचा मेल्टर मुसलमान आहे. तो त्या दोन मिनिटांत त्याचं जे म्हणायचं ते म्हणतो, आणि शुक्रवारची हीट (लोखंडाची एक वितळवण) त्याच्या नमाजेच्या वेळेला धरून लावली जाते. आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्यांना पगारी रजा. ज्यांना तेवढं जमत नाही ते एकादशीला नंदवाळला चालत जाऊन येतात, त्या दिवशी आम्ही भट्टीच लावत नाही.

याचा कास्टिंगशी काय संबंध, असं विचारणारे खूप भेटले. ज्यानं फौंड्रीत काम केलंय त्याला उतरंड ठाऊक असते. मोल्डर वर, कोअरवाले (नगाच्या आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा करणारे) त्याच्या खाली, फेटलिंगवाला सगळ्यात तळाला. आणि दोष सगळ्यात आधी दिसतो तो फेटलिंगवाल्याला. ग्राइंडर लावताना सँड कुठं चिकटलीय, ब्लो होल (गॅसनं पडलेलं भोक) कुठल्या अंगाला आहे, हे त्याच्या हातालाच कळतं. पण तो वर जाऊन बोलत नाही, कारण बोलला की 'तू तुझं काम कर' ऐकावं लागतं. आमच्याकडे ज्याच्या पाया मोल्डर रोज सकाळी पडतो, त्याचं दुपारी ऐकून घ्यायला मोल्डरला जड जात नाही.

नुसत्या नमस्कारानं मात्र पोट भरत नाही. फौंड्रीत मजुरी चांगल्या नगावर असते. नवं काही करून बघायचं म्हणजे नग बिघडणार आणि हजेरी बुडणार, मग डोक्यात कल्पना आली तरी माणूस तोंड मिटून ठेवतो. म्हणून आबांनी आणि मी सुरुवातीलाच ठरवलं होतं की शनिवारच्या हीटची शेवटची लॅडल (वितळलेलं लोखंड ओतायचं पात्र) प्रयोगाची. ज्याला जे करून बघायचंय त्यानं त्याचा बॉक्स (साच्याची पेटी) पिवळा रंग मारून लाइनीच्या शेवटी ठेवायचा. नग बिघडला तरी मजुरी चांगल्या नगाची, आणि भंगार वेगळ्या खात्यावर. ते खातं बघून आमच्या हिशेबनिसानं कपाळाला हात लावला होता. बँकेतल्या साहेबांनी तर 'हा खर्च दाखवू नका' असा सल्ला दिला. मी दाखवला.

मधली वर्षं बरी गेली. आबा गेले, त्यांची माणसं राहिली.

२०१९ साल उजाडलं तेच मंदीत. गाड्यांची मागणी पडली, त्याबरोबर आमची ब्रॅकेटं आणि हाउसिंगं थांबली. भट्टी चालू ठेवायची म्हणून आम्ही वॉटर जॅकेटवाल्या, म्हणजे आत पाणी फिरायला पोकळी असलेल्या, कॉम्प्रेसर हेडचं काम घेतलं. आतला कोअर पातळ आणि वळणाचा, चारी बाजूंनी लोखंडानं वेढलेला. ऑइल सँडचा कोअर तापला की त्यातला बाइंडर (वाळू धरून ठेवणारा चिकट पदार्थ) जळून गॅस होतो. त्या गॅसला कोअर प्रिंटमधून (कोअर साच्यात टेकतो त्या टोकातून) बाहेर पडायला वाट नसेल तर तो चौदाशे अंशाच्या लोखंडातच शिरतो. वरून नग देखणा, मशीनवर पृष्ठभाग तासला की आत भोकं. दर तिसरं हेड परत येऊ लागलं. डेबिट नोटांची फाइल जाड झाली.

आणि ऑगस्टमध्ये पंचगंगा आली. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर गेलं. महामार्ग शिरोलीजवळ बंद झाला तो जवळपास आठवडाभर. दोन्ही बाजूंना ट्रकच्या रांगा, त्यात आमचाही माल. शेडमध्ये पाणी नव्हतं, पण वीज नव्हती आणि रस्ता नव्हता. सखल भागातल्या आमच्या माणसांची घरं पाण्यात होती. त्यांच्या बायकापोरांना आम्ही पॅटर्न (ज्यावरून साचा काढतात ते नमुने) ठेवायच्या स्टोअरमध्ये आणि कँटीनमध्ये आणलं. भट्टी थंड असली तरी पगार थांबवला नाही.

या दिवसांत शेजारच्या त्या मंडळींनी काय केलं, तर आमच्या ग्राहकाला फोन केला. 'तिकडं भजन चालतं, कास्टिंग नाही. पॅटर्न आमच्याकडे पाठवा.' पॅटर्न ग्राहकाचं असतं, आपण अडवू शकत नाही. रस्ता सुटल्यावर पहिला टेम्पो आमच्या दारात आला तो माल घेऊन नव्हे, तर पॅटर्न उचलायला. निम्मी पॅटर्नं गेली. त्याच आठवड्यात आमचा सुपरवायझरही गेला. त्याच्या आईच्या आजारपणात आम्ही काय केलं होतं ते तो जाणतो, मी लिहीत नाही.

पण हेडचं पॅटर्न राहिलं होतं, कारण ते घ्यायला कुणी तयार नव्हतं.

पुरात अडकलेल्या त्या दिवसांत आमचे मेस्त्री आणि कोअरवर काम करणाऱ्या मावशी परत आलेली हेडं हॅक्सॉनं हातानं कापत बसायचे. भोकं सगळी जॅकेटच्या वरच्या वळणाजवळ. मेस्त्री म्हणाले, "व्हेंट वायर सरळ जाती, वळणात जात न्हाई. गॅस तिथंच कोंडतोय." मावशी संध्याकाळच्या दिव्यासाठी वाती वळत होत्या. त्यांनी एक लांब सुती वात मेणबत्तीच्या मेणात बुडवली, बोटानं वळणासारखी वाकवली आणि म्हणाल्या, "ही कोअरात घालून बघू का? ओव्हनमधी मेण इरघळंल, मग वात वडून काढायची."

वीज आल्यावर पहिल्याच शनिवारी पिवळे बॉक्स लागले. पहिल्या वाती जाड निघाल्या, वळणावर सँड ढासळली. वात बारीक केली, तर लोखंड प्रिंटमधून आत शिरलं आणि वाटच बुजली. मेस्त्रींनी प्रिंटभोवती कोअर पेस्टचं कडं दिलं आणि वरच्या बॉक्सला समोरासमोर व्हेंट काढला. तरी एका टोकाला भोकं राहिली. ते फेटलिंगच्या पोरानं सांगितलं, आणि त्यानंच सुचवलं की वात दोन्ही प्रिंटांतून घाला. यातला एकही जण डिप्लोमावाला नाही. बिघडलेल्या प्रत्येक कोअरची मजुरी मावशींना पूर्ण मिळाली. पुढच्या लॉटची हेडं हवेच्या दाबानं पाण्यात बुडवून तपासली, तेव्हा बुडबुडा आला नाही. कॉस्टिंग शीटमध्ये त्या कामाची ओळ आजही 'मावशींची वात' अशीच आहे आणि त्या ओळीवर त्यांना नगामागे रक्कम मिळते.

पुढचं सांगताना हात थरथरतो. गेलेला सुपरवायझर जुन्या ओळखीनं आमच्याकडे येऊन-जाऊन होता. पुढे एका समारंभात नव्या कल्पनेबद्दल पारितोषिक दिलं गेलं, ते शेजारच्यांना, कोअरमध्ये मेणाची वात घालण्याबद्दल. मेण घालून व्हेंट काढणं जगात जुनंच आहे, त्यावर मी हक्क सांगत नाही. पण आमच्या शेडमध्ये ते मावशींच्या बोटांतून आलं, आणि मंचावर हार दुसऱ्याच्या गळ्यात पडला. मावशी म्हणाल्या, "जाऊ द्या मालक, हेडं तर आपल्याकडंच हाईत." हेडं आमच्याकडेच राहिली, हे खरं. पॅटर्नंही बरीचशी परत आली. त्यातल्या एकावर शेजारच्यांचा निळा रंग तसाच आहे.

मध्यंतरी एमबीएची एक विद्यार्थिनी प्रश्नावली घेऊन आली होती. तिच्याकडून कळलं की याचा अभ्यास होतो. १९८६ मध्ये आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की संस्था आपली कदर करते, आपली काळजी घेते, असं कामगाराला वाटणं ही मोजता येणारी गोष्ट आहे. २००० मध्ये अ‍ॅशमॉस आणि ड्युशॉन यांनी कामाच्या ठिकाणच्या अध्यात्माची तीन अंगं सांगितली : माणसाचं आतलं जगणं, अर्थ असलेलं काम आणि आपलेपणाचा समूह. मी तिला आमची शेड फिरवून दाखवली. ती विचारत होती की नमस्कार महत्त्वाचा की पगारी प्रयोग. आमच्याकडे ते कधी वेगळे झालेच नाहीत, तर तोलून कसं सांगणार? नमस्कारानं तोंड उघडतं आणि मजुरी वाचली की हात चालतो.

नव्या फौंड्रीवाल्यांना सांगतो, सूचनापेटी लावून मोकळे होऊ नका. टोयोटात १९५१ पासून कामगारांच्या सूचनांची पद्धत आहे म्हणून आपणही पेटी टांगतो, आणि तिच्यात चहाच्या पावत्या सापडतात. प्रयोगाचा बॉक्स फोडताना मालकानं स्वतः तिथं उभं राहावं. बाहेरून महाराज आणून प्रवचनं ठेवू नका, तुमच्या माणसांकडे त्यांचं त्यांचं असतं, त्याला फक्त वेळ आणि जागा द्या. ज्याला नमस्कार करायचा नाही त्याला करू नका म्हणा. आणि फेरोसिलिकॉन (लोखंडात घालायचा मिश्रधातू) ओलं ठेवू नका, याचा अध्यात्माशी संबंध नाही, पण पावसाळा आला की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सध्या आमचा एक तरुण मोल्डर रनरमध्ये (साच्यातली लोखंड वाहायची वाट) सिरॅमिक फिल्टर वेगळ्या जागी बसवून बघतोय. आतापर्यंतचे नग भंगारात गेले, पण स्लॅग (लोखंडावरची मळी) कमी दिसतोय असं फेटलिंगचं म्हणणं आहे. कुणाला बघायला यायचं असेल तर शनिवारी चारच्या आत या, शेवटची लॅडल त्यानंतर ओततो. सेफ्टी शूज घालून या, गेटवर जादा जोड नसतात.