पाहण्याआधी जतन : युद्धगुन्ह्यांच्या व्हिडिओंची पडताळणी करताना

सीरियातील युद्धाच्या व्हिडिओंची पडताळणी करणाऱ्या एका स्वयंसेवी गटात मी काम करू लागले, तेव्हा पहिला नियम सांगण्यात आला तो असा की, पाहण्याआधी जतन करायचे. दुवा हाती आला की मूळ फाइल, शीर्षक, वर्णन, खात्याचे नाव आणि अपलोडची वेळ हे सारे उतरवून घ्यायचे आणि लगेच फाइलचे एसएचए-२५६ हॅशमूल्य, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला तिचा अंकी ठसा, नोंदवायचे. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ते मूल्य वेगळे येते. त्यामुळे कित्येक वर्षांनी न्यायालयात ‘हीच ती फाइल, हिला कोणी हात लावलेला नाही’ असे ठामपणे सांगता येते. या घाईला कारण आहे. २०१७ मध्ये यूट्यूबच्या स्वयंचलित छाननीने अतिरेकी मजकूर हटवताना सीरियातील नागरिकांनी जीव धोक्यात घालून टिपलेले असंख्य व्हिडिओही काढून टाकले. २०१४ पासून काम करणाऱ्या ‘सीरियन अर्काइव्ह’सारख्या संग्रहांनी प्रती ठेवल्या नसत्या, तर त्यांतले बरेच काही कायमचे गेले असते.

माझ्याकडे आलेला एक व्हिडिओ इदलिब प्रांतातील एका रुग्णालयाजवळच्या स्फोटानंतरचा होता. सुरुवातीला आम्ही आवाज बंद ठेवूनच पाहतो, कारण किंकाळ्या मनात खोलवर रुततात आणि मग डोळे तपशील टिपत नाहीत. धुरामागे एक मिनार, शेजारच्या गच्चीवर पाण्याच्या तीन टाक्या आणि रस्त्याला डावीकडे फुटलेला फाटा, एवढेच स्पष्ट दिसत होते. उपग्रह छायाचित्रांत त्या परिसरातील एकेक मशीद तपासत गेले, तेव्हा मिनार, टाक्या आणि फाटा तिन्ही एकाच ठिकाणी जुळले. मिनाराची सावली ईशान्येकडे पडली होती, म्हणजे सूर्य नैर्ऋत्येला होता आणि चित्रीकरण दुपार उलटल्यानंतरचे होते. व्हिडिओसोबतच्या मजकुरात मात्र हल्ला सकाळी झाल्याचे लिहिले होते. हल्ला सकाळचा आणि चित्रीकरण नंतरचे असेही असू शकते, म्हणून मी दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे नोंदवल्या. अपलोडची वेळ ही चित्रीकरणाची वेळ नव्हे, आणि समाजमाध्यमांवर चढवताना फाइलमधला मूळ मेटाडेटा (चित्रीकरणाची वेळ, ठिकाण यांसारखी आपोआप नोंदली जाणारी माहिती) बहुधा पुसला जातो, हे या कामात सतत ध्यानात ठेवावे लागते.

अहवाल लिहिणे मला सर्वांत कठीण गेले. भिंत कोसळलेली दिसते, हे लिहायचे. विमान कोणाचे होते ते दिसत नाही, म्हणून ते लिहायचे नाही, मग मनात कितीही संताप असो. संयुक्त राष्ट्रांचे मानवाधिकार कार्यालय आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली येथील मानवाधिकार केंद्र यांनी २०२० मध्ये मांडलेला ‘बर्कली प्रोटोकॉल’ अशा तपासाची शिस्त सांगतो, आणि मला तो पुन:पुन्हा उघडावा लागला. ज्यांचे चेहरे दिसतात, त्यांच्या सुरक्षिततेचा विचारही त्यात आहे. माझ्या मते तो पुराव्याच्या विचाराइतकाच महत्त्वाचा आहे.

असे व्हिडिओ न्यायालयापर्यंत पोहोचतात का, असे मला अनेकदा विचारले जाते. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये लिबियातील एका सशस्त्र दलाचा कमांडर महमूद अल-वेरफल्ली याच्याविरुद्ध काढलेले अटक वॉरंट ३३ जणांच्या हत्यांबाबत होते आणि ते मोठ्या प्रमाणावर समाजमाध्यमांवरील व्हिडिओंवर आधारलेले होते. खटला उभा राहण्याआधीच २०२१ मध्ये बेनगाझीत त्याची हत्या झाली. सीरियाबाबतचे पुरावे गोळा करून जपण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१६ मध्ये स्वतंत्र यंत्रणा स्थापन केली आहे.

इदलिबच्या त्या व्हिडिओची माझी नोंद आता दुसऱ्या पडताळणीकाराकडे आहे. माझा निष्कर्ष न वाचता तो ठिकाण आणि वेळ नव्याने शोधेल आणि दोघांची उत्तरे जुळली, तरच नोंदीवर ‘पडताळलेले’ असा शेरा पडेल.