कार्बोरेटरखालचा बोल्ट

खळ्यात पोचलो तेव्हा जीपची पुढची चाकं जमिनीला जेमतेम टेकलेली होती. शेडच्या गर्डरला चेनपुली, तिची साखळी इंजिनच्या हेडला, म्हणजे वरच्या झाकणाला, आणि दोन भाऊ घामाघूम होऊन ओढताहेत. हेड ब्लॉकपासून, म्हणजे इंजिनच्या खालच्या मुख्य भागापासून, केसभर सुटलं नव्हतं. त्याच्याऐवजी गाडीच वर निघाली होती.

"मिस्तरी, बठ्ठा बोल्ट काढी टाकात, पन हेड हालत नई," मोठा म्हणाला.

आधी पुली खाली सोडायला लावली. गाडी टांगलेली असताना खाली हात घालायचा नाही, हे एक. आणि हेड अजून कुठंतरी धरलेलं असेल तर या ओढाताणीत ब्लॉकमधली बोल्टची चुडीच (आटेच) उपटून येते, हे दुसरं.

अमळनेर–चोपडा रस्त्यावरचं गाव, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आठ दिवस राहिलेले. सणाला गाडी गावातून फिरवायची, असा आजोबांचा हट्ट. गाडी महिंद्राची सीजे-३बी, आपल्याकडे जिला हाय बोनेट म्हणतात ती. बोनेट उंच आहे ते दिसायला नाही, आतल्या हरिकेन इंजिनमुळे. आधीच्या लो बोनेटच्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये होते. हरिकेनमध्ये धूर बाहेर सोडणारे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच ठेवले आणि हवा-पेट्रोल आत घेणारे इनलेट वर हेडमध्ये नेले. त्यामुळे हेडवर ते दाबणारे रॉकर आले, इंजिन उंच झालं आणि बोनेट वर उचलावं लागलं.

ही रचना ठाऊक नसली की काय होतं ते बाजूच्या बाजेवर मांडलेलं होतं. रॉकरला खालून ढकलणारे पुशरॉड चारच निघाले म्हणून पोरांनी अर्धा दिवस उरलेले चार शोधले होते, ऑइल पॅनसुद्धा उतरवून पाहिला होता. ते चार नसतातच, कारण एक्झॉस्टला पुशरॉड लागत नाही. धूर नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्डही काढला होता आणि त्यात एक स्टड तुटला होता. तो मॅनिफोल्ड ब्लॉकला लागतो. हेड काढायला त्याला हात लावायची गरज नाही.

पोरं अडाणी मात्र नव्हती. खोलण्याआधी मोठ्याने चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून भिंतीवर खडूने लिहिलं होतं: ११०, ५०, ४५, १०५. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग, गॅसकेट, त्या दोघांच्या मधे जळालेली. निदान बरोबर होतं. हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर मात्र जागेवर ठेवला होता. हेडसोबत वर येईलच, वेगळा कशाला काढा? दुसऱ्या कुठल्या इंजिनात हा विचार चालला असता. इथं इनटेक मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला आहे, कार्बोरेटर त्याच्या तोंडावर बसतो, आणि त्या तोंडाच्या आत हेडचा एक बोल्ट आहे.

कार्बोरेटर उतरवला. आत बॅटरी मारली तर बोल्ट दिसेना. तळाला पेट्रोलचा काळा डिंक आणि धूळ मिळून लेप बसलेला. दोन्ही बाजूंच्या वाटांत फडक्याचे बोळे कोंबले, कारण इथून पडलेली माती थेट इनलेट व्हॉल्व्हवर जाते. मग स्क्रूड्रायव्हरने हळूहळू खरवडलं. आधी एक कडा दिसली, मग दुसरी, मग षटकोनी डोकं. धाकटा वाकून बघत होता. तो काहीच बोलला नाही.

या गाडीला सगळं इंची लागतं. मिलिमीटरचं सॉकेट बसल्यासारखं वाटतं आणि जोर लावला की बोल्टचे कोपरे खातं, आणि या खड्ड्यात कोपरे गेले तर छन्नीलाही जागा नाही. गंज सोडवायचं तेल टाकून तासभर थांबलो. लांब एक्स्टेन्शन लावून आधी किंचित आवळला, मग सोडला. आवळून सोडल्याने गंजाची पकड तुटते. 'टक्' झालं. पुढच्या बायपास होजची क्लिपही राहिली होती, ती काढली. मग दोघांनी हातांनीच हेड उचललं, पुली लागली नाही.

खरं नुकसान पुली आणायच्या आधीच झालं होतं. पोरांनी फटीत छन्नी ठोकून पाहिली होती. हेडवर दोन आणि ब्लॉकवर दोन खाचा. खाच बघून लोक घाबरतात ते तिच्या खोलीला. त्रास देते ती खाचेच्या काठाला वर आलेली धार. तिच्यावर हेड टेकलं की आजूबाजूला गॅसकेट दाबली जात नाही. हेड धुळ्याला फेसिंगला, म्हणजे तळ सपाट करायला, पाठवता आलं, ब्लॉक कुठं पाठवणार? धार तेलाच्या दगडाने सपाट घासली, वर पोलादी पट्टी उभी-आडवी-तिरकी ठेवून फट मोजायच्या फिलर गेजने तपासली. खाचा सिलिंडरच्या कडेपासून आणि पाण्याच्या भोकांपासून लांब, बाहेरच्या काठाला होत्या, म्हणून इपॉक्सी भरून भागलं. सिलिंडरच्या कडेला असत्या तर इंजिन उतरवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

मग तडा शोधला. या ब्लॉकला एक्झॉस्टच्या सीटपासून सिलिंडरकडे तडा जायची खोड आहे. जागा रॉकेलने भिजवली, कोरडी पुसली आणि खडूची भुकटी भुरभुरली. तडा असला तर आत राहिलेलं रॉकेल वर येऊन खडूवर रेघ उमटते. पंधरा मिनिटं चौघे खडूकडे बघत उभे होतो. रेघ आली नाही.

गॅसकेट जळाली ती पाण्यामुळे. वर्षानुवर्षं बोअरचं क्षाराचं पाणी, वरून आपला वैशाख. ब्लॉकमधल्या पाण्याच्या जॅकेटमध्ये तार घातली तर मागच्या टोकाला, चार नंबरच्या सिलिंडरभोवती, चिखल घट्ट बसलेला. तो तारेने फोडून उलट्या दिशेने पाणी सोडलं, तांबडं पाणी निवळायला अर्धा तास गेला. रेडिएटरची कोअर सोडवून साफ करायला दिली. हे न करता नुसती गॅसकेट बदलली असती तर ती पुन्हा गेली असती.

चार दिवसांनी हेड परत आलं. बोल्टची भोकं आटे पाडायचा टॅप फिरवून साफ केली आणि हवेने कोरडी केली. बंद भोकात तेल-पाणी राहिलं तर बोल्ट त्याच्यावरच अडतो, रेंच टॉर्क दाखवतो पण हेड दाबलं जात नाही. कधी ब्लॉकही फुटतो. ज्या भोकांतून गंजाचं पाणी आलं होतं त्यांच्या बोल्टना सीलंट लावला. मधून बाहेर असं तीन फेऱ्यांत आवळलं: ३०, ५०, शेवटी ६५ फूट-पाउंड. कार्बोरेटरखालचा बोल्ट प्रत्येक फेरीत धरायचा, शेवटी आठवण आली म्हणून आवळायचा नाही.

टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट थंड इंजिनवर: इनलेट ०.०१८ इंच, एक्झॉस्ट ०.०१६. एक्झॉस्टचे टॅपेट ब्लॉकच्या कुशीत, मॅनिफोल्डखालच्या झाकणाआड असतात. मॅनिफोल्ड आधीच उतरवलेला असल्याने हात नीट गेला. तुटक्या स्टडचा एवढाच काय तो फायदा. ठिणगीच्या पॉइंटची फट ०.०२०, प्लगची ०.०३०, सिलिंडर पेटायचा क्रम १-३-४-२.

पोरांना डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवायचा होता. बसवा, पण डॅशवरच्या जुन्या अँपिअर मीटरमधून त्याचा करंट नेऊ नका. तो ३० अँपिअरचा, अल्टरनेटर ५५ देतो, मीटरच्या मागेच वायर जळते. जाड वायर सरळ बॅटरीला न्या आणि मीटरच्या जागी व्होल्टमीटर लावा. त्याआधी पैसा ब्रेकवर घाला, असं आजोबांसमोरच सांगितलं. जुना मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा, एक होज फुटला की चारही चाकं मोकळी. पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्राम त्याच दिवशी बदलले, इथेनॉलच्या पेट्रोलने ते जुने फुगून मऊ पडले होते.

सातव्या दिवशी संध्याकाळी गाडी सुरू झाली. कॉम्प्रेशन चारही ठिकाणी ११० च्या आसपास, रेडिएटरमध्ये बुडबुडा नाही. थोडी चालवल्यावर थंड इंजिनवर हेड पुन्हा आवळायचं, आणि त्यासाठी कार्बोरेटर पुन्हा काढायचा, हे दोनदा बजावलं.

महिन्याने त्यासाठीच गेलो. रॉकर कव्हरवर धाकट्याने पांढऱ्या ऑइलपेंटने लिहून ठेवलं होतं: 'कार्बोरेटर खाले एक बोल्ट शे.'