निफाडच्या पाझर तलावावर घरगुती लपण

जानेवारीतले दोन दिवस निफाडला मामांकडे होतो. मळ्याखाली पाझर तलाव आहे, तिथे पक्ष्यांचे फोटो काढायला लपण, म्हणजे लपून बसायचा आडोसा, बांधलं. बांबू आणि शेडनेट पाहून मामींनी दरडावलं, "शिकारीबिकारीचा बेत नाही ना रे?" १९७२ पासून कायदा आहे मामी, कॅमेराच आहे, म्हटल्यावर चहा मिळाला.

नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात चापडगावच्या मनोऱ्यावरून पक्षी भरपूर दिसतात, पण वरून. मला पाण्याच्या पातळीवरून फोटो हवे होते, आणि अभयारण्यात कुणी मनानं लपण ठोकू नये.

द्राक्षबागेतले जुने चार बांबू, चार बाय चार फूट जागा, उंची साडेचार. त्यावर शेडनेट, वरून उसाचं पाचट आणि तुराट्या. लेन्ससाठी खिडकी जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर. आत मांडी घालून बसायचं. विकत आणली फक्त सुतळी.

पहिली सकाळ वाया गेली. सूर्य पाठीशी हवा म्हणून लपण पूर्वेच्या काठावर केलं, ते बरोबरच. पण मागची बाजू एकेरी नेटची. ऊन वर आलं तशी थापट्या बदकं पलीकडच्या टोकाला गेली ती गेलीच. समोरच्या बांधावरून मामा ओरडले, "अरे, तू आत डोकं खाजवतोस तेसुद्धा दिसतंय!"

तेव्हा रंगाची फार चिंता करू नका, मागची बाजू काळोखी करा. मी जुनी गोधडी आणि गोणपाट लावलं. वाऱ्यावर फडफडणारं नेट तारेनं ताणून बांधलं. दुसऱ्या दिवशी मामा माझ्याबरोबर लपणापर्यंत आले आणि मोठ्यानं बोलत एकटेच परत गेले. माणूस गेला असं पक्ष्यांना वाटत असावं. थोड्याच वेळात शेकाट्या पंधरा फुटांवर चरत होत्या. जमलं तर लपण आठवडाभर आधीच बांधून ठेवा, म्हणजे त्यांना सवय होते. घरट्यांजवळ मात्र नकोच.

एक गोष्ट गंभीरपणे घ्या: या भागात उसात बिबटे असतात. अंधारात एकट्यानं जाऊन खाली बसू नका. आम्ही बॅटरी आणि काठी घेऊन, गप्पा मारत, उजाडल्यावरच गेलो, आणि लपण उसापासून लांब मोकळ्या काठावर ठेवलं. निफाडची थंडी हाडात शिरते, बुडाखाली पोतं दुमडून घ्या.

निघताना नेट काढून न्यायला विसरू नका, पक्षी अडकतात. बांबू मामांनी परत बागेत नेले. गोधडीचा हिशोब मामींशी अजून बाकी आहे.