मरणापेक्षा नकार जड जातो

‘एवढी कुत्री डोळ्यांदेखत मरतात, मग रात्री झोप कशी लागते तुम्हाला?’ जखमी, आजारी भटक्या कुत्र्यांचा निवारा चालवणाऱ्यांना हे सारखं विचारलं जातं. आम्हीही असाच निवारा चालवतो, म्हणून सांगतो. मरणाचं दुःख होतंच, पण ते हळूहळू निवतं. ज्याला आत घेतलं नाही, ते कुत्रं मात्र मनातून जात नाही.

हिवाळ्याचंच बघा. भाद्रपदात कुत्र्या माजावर येतात, सुमारे ६३ दिवसांनी वितात. मार्गशीर्ष-पौषात पिल्लं दीड-दोन महिन्यांची होतात आणि आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती नेमकी तेव्हाच ओसरते. मग पार्व्हो येतो, म्हणजे पिल्लांना ओकाऱ्या आणि हगवण लावणारा विषाणूचा आजार. ‘खोक्यात चार पिल्लं आहेत, एकाला रक्ताची हगवण लागलीय, घेऊन येऊ का?’ असे फोन सुरू होतात. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ३ ते ७ दिवस जातात, म्हणजे उरलेली तीन खेळताना दिसली तरी निरोगी धरता येत नाहीत. हा विषाणू फिनेलने मरत नाही. आधी विष्ठा पूर्ण धुऊन काढायची, मग १ भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी ओतून १० मिनिटं तसंच ठेवायचं. घाण राहिली तर ब्लीचही निकामी होतं. मातीच्या अंगणात तर तो महिनोन्महिने टिकतो.

म्हणून पार्व्होची खोली वेगळी, तिथल्या चपला, भांडी, ॲप्रन वेगळे, आणि तिथे काम करणारा माणूस त्या दिवशी इतर पिल्लांना हात लावत नाही. नवीन पिल्लू १४ दिवस विलगीकरणात राहतं. खोलीतले पिंजरे भरले की पुढच्याला जागा नाही. कळवळून ‘राहू दे एक दिवस व्हरांड्यात’ म्हटलं, तर आठवड्याभरात आतली धडधाकट पिल्लं ओकायला लागतात. हे ठाऊक असल्यामुळेच नाही म्हणावं लागतं. पण समोरच्याला फक्त नकार ऐकू येतो, आणि ‘कसले हो तुम्ही प्राणीप्रेमी’ हे वाक्य रात्रभर कानात राहतं. त्यावर आम्हाला एकच उपाय सापडला आहे. किती पिंजरे, किती हात, हे फळ्यावर आधीच लिहिलेलं असावं. म्हणजे नकार फोन उचलणाऱ्या मुलीचा राहत नाही, संस्थेचा होतो. आणि नुसतं ‘नाही’ म्हणून फोन ठेवायचा नाही. पिल्लाला ऊब द्या, ओकत असताना जबरदस्तीने दूध पाजू नका, आज संध्याकाळच्या आत सलाईन लागलं पाहिजे, जवळचा दवाखाना अमुक ठिकाणी आहे, एवढं सांगायचंच.

दुसरा जड निर्णय अपघातातल्या कुत्र्यांचा. मागचे पाय फरफटत आलेलं कुत्रं शेपूट ओढत का होईना, हाताला चाटतं. डॉक्टर मागच्या पायाचं बोट चिमट्याने घट्ट दाबतात. पाय आखडला म्हणजे संवेदना आहे असं सगळ्यांना वाटतं, पण ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. कुत्र्याने मान वळवून बघितलं, कळवळलं, तर वेदना मेंदूपर्यंत पोचतेय. धक्क्यात असलेल्या कुत्र्याची पहिली तपासणी फसवी निघू शकते, म्हणून ती पुन्हा करायची. कणा मोडलेला आणि बोट घट्ट दाबल्याची वेदना जाणवतच नाही, तर ते पुन्हा चालण्याची आशा फार थोडी. अशा एका कुत्र्याची लघवी दिवसातून ३-४ वेळा पोट दाबून काढावी लागते, दर काही तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर जखमा चिघळतात, अळ्या पडतात. जागा आणि माणसं असतील तर काही कुत्री तशीही आनंदाने जगतात. नसतील तर ठेवणं ही दया नव्हे, असं आमचं ठाम मत आहे.

दयामरण डॉक्टरच देतात, दुसऱ्या कुत्र्यासमोर कधीच नाही. आधी गुंगीचं इंजेक्शन, ती पूर्ण चढल्यावर शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. नव्या मुलांना आधी सांगून ठेवावं लागतं की डोळे उघडेच राहतात, लघवी होते, हृदय थांबल्यावरही एखादा उसासा येतो. हे माहीत नसलेल्या मुलाला वाटतं, अजून जिवंत होतं आणि आपण सोडलं. तो काही दिवसांत काम सोडतो. रोज त्या कुत्र्याला जेवू घालणाऱ्या माणसाला ते धरायला लावू नये. त्याला निरोप घ्यायचा असेल तर घेऊ द्यावा.

बरं झालेल्याला परत सोडणंही सोपं नसतं. नसबंदी, लसीकरण करून कुत्रं जिथून आणलं तिथेच सोडायचं, हा २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचा दंडक आहे. जागा बदलली तर तिथली कुत्री त्याला फाडतात, हे खरं. पण गाडीखाली आलेलं कुत्रं त्याच रस्त्याच्या कडेला उतरवताना हात थरथरतोच.

आणि रेबीज. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, म्हणून घशात हाड अडकलं समजून लोक तोंडात हात घालतात. असा संशय आला की हात न घालता कुत्र्याला वेगळं करायचं, आणि त्याला हाताळणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहायचं. चावा किंवा लाळेचा संपर्क आला असेल तर जागा साबणाने १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखाना. कामावर घेण्याआधीच प्रत्येकाला प्रतिबंधक लस हवी. ती असली तरी चाव्यानंतरचे डोस चुकत नाहीत.

फोन मात्र एकाच माणसाकडे ठेवू नका. पाळीपाळीने द्या, आणि ज्या दिवशी दयामरण झालं त्या रात्री तिथे हजर असलेल्याकडे तर मुळीच नको.