जळगावच्या उन्हात समुद्री टाकीचं झाकण

माझी समुद्री टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. पाणी साधारण सत्तर लिटर. खडकांवर मशरूम आणि झोअँथिड ही मऊ प्रवाळं, दोन क्लाउनफिश, एक कोळंबी. दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, ते मी ठेवत नाही.

टाकी बैठकीत आहे, म्हणून दिव्याचं झाकण देखणं हवं होतं. पहिलं प्लायवूडचं केलं, चारही बाजूंनी बंद. एप्रिल लागला आणि पाणी ३१ अंशांवर गेलं, मशरूम आक्रसले. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाला पोसतं. पाणी फार तापलं की प्रवाळ तेच शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. मी उजेड दिला, पण उष्णता कोंडून ठेवली.

त्याच आठवड्यात झाकण पुसताना बोटाला हिरवं लागलं. पितळी बिजागरीवर मिठाचा पांढरा थर होता आणि त्यातून मोरचुदाच्या रंगाची एक रेघ थेट पाण्याकडे उतरली होती. पोटात धस्स झालं. पितळेत तांबं असतं, आणि तांब्याचा अंशही कोळंबीला विष. रात्रीच बिजागऱ्या उपसल्या, पंधरा लिटर पाणी बदललं, फिल्टरमध्ये कार्बन घातला. कोळंबी वाचली.

दुसऱ्या झाकणासाठी धरणगावच्या जुन्या घराची सागवानी चौकट आणली. आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी तिच्यावर रंधा मारला तेव्हा काळ्या थराखालून सोनेरी रेषा निघाल्या. माझं चित्र बघून ते म्हणाले, "भो, पेटी कशाला करतोस? कूलरसारखं कर. मागून मोकळं ठेव, पाण्यावरून वारा जाऊ दे."

तिथेच सगळं सुटलं. खान्देशातली मे महिन्याची हवा कोरडी. पाण्यावरून वारा फिरला की बाष्प उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं; म्हणून तर आपल्याकडे कूलर चालतो. समोर आणि बाजूंना सागवान, वरच्या कडेला कंगोरा, पाठ पूर्ण उघडी. बिजागरी एकही नाही. झाकण खाचेत बसतं, दोन्ही हातांनी उचलायचं. बाहेरून आतून पीयू पॉलिशचे (पॉलियुरेथेनचे) तीन हात, आतल्या बाजूला वर पांढरा रंग, म्हणजे उजेड खाली परततो.

तीन वॅटचे एलईडी ॲल्युमिनियमच्या, उष्णता खेचून घेणाऱ्या हीटसिंकवर थर्मल पेस्ट लावून बसवले. निम्मे पांढरे, निम्मे ४५० नॅनोमीटरच्या आसपासचे निळे, कारण शैवालाला निळा उजेड जास्त लागतो. खाली ॲक्रिलिकची शीट, नाहीतर खारे शिंतोडे दिवे खातात. दिव्यांना वीज पुरवणारा ड्रायव्हर बाहेर, टाकीच्या वरच्या पातळीपासून दूर. वायरींना खाली झोळ दिला आहे, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत न जाता झोळातूनच ठिबकतं. हे कुणी टाळू नये.

मागे १२ व्होल्टचे दोन कॉम्प्युटरचे पंखे, पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके. लाइट गेली तरी बॅटरीवर चालतात, आणि आमच्याकडे लाइट नेमकी दुपारी जाते.

नवे दिवे पहिल्या आठवड्यात रोज चारच तास लावले, मग हळूहळू आठ. एकदम पूर्ण उजेड दिला तर प्रवाळ भाजतं. दहाव्या दिवशी दिवे लागल्यावर अर्ध्या तासात झोअँथिड उमलले. तोंडाभोवतीची केशरी कडा मी पहिल्यांदाच इतकी स्वच्छ पाहिली.

यंदा मे महिन्यात बाहेर ४४ अंश असताना टाकीत २७ होते. त्या बदल्यात रोज दीड-दोन लिटर पाणी उडतं. भर घालताना आरओचं गोडं पाणीच घालायचं, कारण मीठ उडत नाही, मागे राहतं. घनता १.०२५ वर ठेवतो. सकाळची भर आता आई घालते, माठ भरून झाला की लगेच.