तुम्ही विचारलंत म्हणून : साडेतीनशेचा पंप की चार हजारांचा?

दुकानात मोटर टेबलावर ठेवता ठेवता विचारतात, पंगतीत शेजारी बसलेले विचारतात, परवा एका मयतीहून येताना रिक्षात पण एकानं विचारलं. "तुम्ही मोटर वाइंडिंगचं काम करता, घरी फिशटँक पण आहे, मग खरं सांगा, टँकला साडेतीनशेचा पंप बसवू का चार हजारांचा?" आजवर मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलंय. घाईत असलो की म्हणतो स्वस्तातला घ्या, समोरचा पैसेवाला दिसला की म्हणतो चांगला घ्या. हे बरोबर नाही हे मला कळतं. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो, पुढं कुणी विचारलं तर हेच पाठवीन.

पहिलं हे की पंधरा वर्षं मी सगळ्यांना एकच सांगत होतो, तांबं तेच, मॅग्नेट तेच, बाकी नावाचे पैसे. अगदी ठासून सांगायचो. सोलापुरात पॉवरलूमच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरण्यात आयुष्य गेलंय माझं, वडिलांचं पण गेलं, त्यामुळं मी बोललो की लोक ऐकतात. आणि बोलत होतो ते खोटं नव्हतं. टँकचा साधा पंप म्हणजे काय, एक कॉइल, तिच्या मधल्या खोबणीत एक गोल मॅग्नेट, मॅग्नेटला पंखा. आपली लाइट ५० सायकलची, म्हणजे ५० हर्ट्झची, त्यामुळं तो मॅग्नेट मिनिटाला ३००० फेरे मारतो, साडेतीनशेचा असो की चार हजारांचा. ना कार्बन ब्रश, ना बेअरिंग. कॉइल एपॉक्सीत ओतून बंद केलेली असते म्हणून पाण्यात चालते, आणि त्याच एपॉक्सीमुळं जळाली तर मी काय कुणीच ती भरून देऊ शकत नाही. लोक जळालेला पंप घेऊन येतात, मामा एवढा बघा की, आणि मला तो तसाच परत द्यावा लागतो. आयुष्यभर जळालेलं दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे किती लागतं ते तुम्हाला नाही कळायचं.

मग फरक कुठंय? मी मोजून बघितलाय, ऐकीव सांगत नाही. स्वस्तातल्याच्या बॉक्सवर ताशी १००० लिटर लिहिलं होतं. तीन फूट वर पाणी चढवून १० लिटरची बादली लावली, भरायला ७५ सेकंद लागले, म्हणजे ताशी ४८० लिटर. यात कंपनीनं फसवलं असं म्हणता येत नाही, बॉक्सवरचा आकडा शून्य उंचीचा असतो, आणि शेजारी जी जास्तीत जास्त उंची लिहिलेली असते तिथं पाणी पोचतं पण पडत नाही. हे महागड्यालाही लागू आहे. पण वॅट मात्र खटकले. बॉक्सवर १५, मीटर लावला तर २२. चांगला पंप जवळपास तेवढंच पाणी ९ वॅटमधे देत होता. चोवीस तास चालणारी वस्तू, वर्षाला ११४ युनिटच्या आसपास फरक पडतो, युनिटला आठ-दहा रुपये धरा, हजाराच्या आसपास गेले. आणि ते २२ वॅट जातात कुठं, तर शेवटी सगळे उष्णता होऊन टाकीच्या पाण्यातच उतरतात. पुण्या-मुंबईवाल्यांना याचं काही वाटणार नाही. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला असतो, टाकीचं पाणी ३३ ला जातं, त्यात आणखी एक शेगडी कशाला?

एवढं सांगितलं की लोक लगेच म्हणतात, मग महागडाच घ्यायचा ना, सरळ सांगा की. थांबा जरा. खरं उत्तर या आकड्यांत नाहीचये.

सहा वर्षांपूर्वीचा मे महिना. आमची तीन फुटी टाकी, दीडशे लिटरची. त्यात दोन ओरांडा गोल्डफिश, मुलीनं दुसरीत असताना हट्टानं आणलेले, चार वर्षांत माझ्या मुठीएवढे झालेले, आणि चार लहान. फिल्टर मी स्वतः केलेला होता, हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत स्पंज आणि सिरॅमिक रिंगा, आतच वरच्या बाजूला साडेतीनशेचा पंप. दोन वर्षं झाली होती, कधी तक्रार नाही. येईल त्याला झाकण उघडून दाखवायचो. शनिवारी दुपारी बार्शीला लग्नाला गेलो. रात्री इकडं वळीव आला. शेजारच्या काकूंनी नंतर सांगितलं, "लाइट गेलती रात्री दोनला, आलती परत साडेतीनला." दीड तास. दीड तासानं काही होत नाही.

आम्ही रविवारी अकराला आलो. मुलगी चप्पल पण न काढता टाकीकडं गेली आणि तिथूनच ओरडली, "बाबा, सगळे वर आलेत." सगळे काचेला तोंड लावून वरचं पाणी पीत होते. डब्यातून गूंऽऽ आवाज येत होता, पाणी पडत नव्हतं. तो आवाज मी रोज ऐकतो, अडकलेल्या मोटरचा आवाज. लाइट आलेली, कॉइलला करंट आलेला, पण मॅग्नेट सुटलंच नव्हतं, म्हणजे फिरायला लागलंच नव्हतं.

हे का होतं ते सांगतो, कारण कुठंच कुणी सांगत नाही. हा मॅग्नेट सुरू होताना आधी इकडं तिकडं थरथरतो आणि मग कुठल्या तरी एका दिशेनं पळतो. साध्या पंपात दिशा पण ठरलेली नसते, म्हणून पंख्याची पाती सरळ ठेवतात. त्या थरथरण्याला मोकळी जागा लागते. आपल्याकडचं पाणी क्षाराचं, त्यात मी वरून बोअरचं घालायचो. खोबणीत पांढरा थर बसतो, मॅग्नेट ज्या बारीक दांडीवर फिरतो तिचं भोक झिजून लांबट होतं. चालू आहे तोवर पंप वेगावर चालत राहतो, बाहेरून काही कळत नाही. एकदा थांबला की परत सुटत नाही. म्हणजे पंप लाइट गेल्यानं मेला नव्हता, आत कित्येक आठवडे मेलेलाच होता, फक्त थांबायचा बाकी होता.

इथपर्यंतची गोष्ट मी बऱ्याच जणांना सांगितलीये. सांगून झाली की म्हणायचो, बघा, स्वस्तातल्या पंपानं मासे मारले. पुढचं कधी सांगितलं नाही. घरात पण नाही.

आम्ही पोचलो तेव्हा सहाही मासे जिवंत होते. मी डबा उघडला तर आतून सडक्या अंड्याचा वास आला. नऊ तास बंद डब्यात, त्या उकाड्यात, स्पंजमधले पाण्यातली घाण पचवणारे चांगले जिवाणू हवेवाचून मेले होते आणि सगळं आतल्या आत कुजलं होतं. वास मला आला. तो कुजल्यावर होणाऱ्या विषारी वायूचा हे पण कळलं. तरी मी बोटानं पंखा फिरवला, त्यानं लगेच फेरा पकडला, आणि मुलगी शेजारी रडत होती म्हणून झाकण लावून तसाच डबा चालू केला. माझ्या डोक्यात एकच, पाणी फिरलं पाहिजे. चहाच्या रंगाचं पाणी टाकीत उतरलं. मुलगी म्हणाली, "बाबा, हे घाण आहे." मी म्हटलं, होईल साफ.

पंप नुसता टाकीत सोडून पाणी खळखळवायचं होतं आणि डबा बाजूला ठेवायचा होता, बास. दोन मिनिटांचं काम होतं. पाणी २५ अंशांवर असताना लिटरला ८ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू धरतं, ३३ ला सातच्या आसपास, आणि उकाड्यात माशाला लागतो मात्र जास्त. त्यांना फक्त हवा पाहिजे होती, मी त्यांना विष दिलं. लक्षात आल्यावर पाणी बदलायला धावलो, तर नळाला पाणी यायला अजून दोन दिवस होते. आपल्याकडं तेव्हा चार-पाच दिवसांनी पाणी यायचं हे तुम्हाला काय सांगायचं. पिंपात अर्ध्याच्या खाली पाणी होतं, ते सगळं ओतलं. बायकोनं प्यायचे दोन हंडे पण पुढं केले, काही न बोलता. चार लहान संध्याकाळपर्यंत गेले. एक ओरांडा रात्री. दुसरा पहाटेपर्यंत टिकला, मी स्टूल टाकून शेजारीच बसलो होतो, त्याचे कल्ले आधी भराभर हलत होते, मग मधे थांबायला लागले, मग एकदा थांबले ते थांबलेच.

आता सांगा, पंपानं मारले की मी? दोन वर्षांत पंप एकदा तरी उघडून लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवला असता तर थर निघाला असता. शेवटचे सात महिने तर साधा हातही लावला नव्हता. चार हजारांचा पंप सात महिने न धुता आपल्या पाण्यात चालवा, तो पण अडकेल, हे मी लिहून देतो. पण लगेच वाटतं, मी स्वतःला उगाच जास्त दोष देतोय का? त्या पंपाची दांडी स्टीलची होती, गंज धरलेली. चांगल्याला सिरॅमिकची असते, ती गंजत नाही, झीज कमी. कदाचित त्या रात्री तो सुटला असता. कदाचित. सहा वर्षं मी या कदाचितवर अडकलोय.

नंतर चांगला घेतला, चार हजारांचा. कुठला ते विचारू नका. जर्मनीची आयहाइम १९४९ सालापासूनची, तिचं नाव मला पुष्कळ जण पाठवतात, माझा तिचा नाहीये. आवाज नाही, टाकीशेजारी झोपलं तरी कळत नाही, आणि पंखा वेगळा विकत मिळतो ही मोठी गोष्ट, कारण माझ्या मते पैसे द्यायचे ते सुट्या भागांचे. पण धुताना माझ्या हातून दांडी फरशीवर पडली आणि खडूसारखी तुटली. सिरॅमिक गंजत नाही, पण तुटतं. नवीन दांडी-पंखा मागवला, बावीस दिवस लागले, किंमत तीन स्वस्त पंपांएवढी. ते बावीस दिवस टाकी कशावर चालली? साडेतीनशेच्यावर. नवी पेठेतून दहा मिनिटांत आणलेला.

आमचे मेव्हणे म्हणतात, मग दोन स्वस्तातलेच लावा की, एक बंद पडला तर दुसरा आहे. याला मला उत्तर देता येत नाही. खरंच येत नाही. दोन पंप एकदम अडकायची शक्यता कमीच. पण दोन्ही एकाच दिवशी आणलेले, एकाच पाण्यात, एकाच हातानं न धुतलेले असले तर?

एकाच बाबतीत मी कुणाचं ऐकणार नाही. स्वस्तातल्याची वायर पातळ असते, एपॉक्सीला बारीक चीर गेली की करंट पाण्यात उतरतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, बसवलेला नसेल तर कुठलाच पंप लावू नका, महागडा पण नको. वायर बोर्डाच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळ बोर्डात जात नाही. आणि टाकीत हात घालायच्या आधी बटण बंद. लहान मुलं असतात घरात.

टाकी परत भरायला मुलीनं दीड वर्ष नको म्हटलं होतं. आता ती बारावीला आहे आणि दर रविवारी सकाळी पंपाचं बटण ती स्वतः बंद करते, पाच मिनिटं थांबते, परत चालू करते, मी कान देऊन उभा असतो. गेल्या रविवारी चार हजारांचा पंप पहिल्यांदा सुटला नाही. गूं केलं आणि थांबला, दुसऱ्यांदा सुटला. काढून धुतला, थर फार नव्हता, भोक मात्र थोडं लांबट वाटलं. मुलगी काही बोलली नाही, टाकीकडं बघत राहिली. पंखा मागवलाय, अजून आलेला नाही. तोवर त्याच्या शेजारी साडेतीनशेचा पण चालू ठेवलाय, दोन्ही एकदम.