आमची वाटचाल : वाडीचं स्टिअरिंगवालं वर्कशॉप

नागपूरला अमरावती रोडवर वाडीला आमचं वर्कशॉप आहे. सुरुवात जुन्या जीपवर झाली. उंची वाढवलेल्या जीपचा ड्रॅग लिंक (स्टिअरिंगचा जोर चाकाकडे नेणारा दांडा) तिरपा होतो, मग स्टिअरिंग सरळ धरलं तरी खड्ड्यात गाडी बाजूला पळते. हाच बंप स्टिअर. हळूहळू हॉट रॉडवालेही, म्हणजे जुनी गाडी कापून नव्यानं बांधून घेणारे, येऊ लागले आणि बरीच वर्षं काम चांगलं चाललं.

2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. कंपनीनं दिलेली गाडीची मूळ रचना बदलता येणार नाही, असं त्यात स्पष्ट झालं. नव्या बांधणीची कामं थांबली, लेथचा हप्ता थकला. नेमकं तेव्हाच शहरातल्या एका मोठ्या गॅरेजवाल्यानं उठवलं की आमच्या हातची गाडी रस्त्यावर टिकत नाही. हे अजून डोक्यातून जात नाही. त्याला पुरावा म्हणून दाखवायला एकच गाडी होती, काटोलच्या संत्रा बागायतदार भाऊसाहेबांची कापलेली अ‍ॅम्बेसेडर.

पुढचा भाग आम्हीच बांधला होता. नंतर पॉवर स्टिअरिंग हवं म्हणून भाऊसाहेबांनी त्या गॅरेजात छोट्या गाडीचा रॅक, म्हणजे स्टिअरिंग फिरलं की डावी-उजवीकडे सरकणारा दांडा, बसवून घेतला. स्पीड ब्रेकरवर गाडी ओढू लागली तर त्यानं सांगितलं, चाक धरणारे आर्म वाकडे आहेत, आणि वर स्टिअरिंग डॅम्पर लावून दिला. डॅम्परनं हाताला बसणारा झटका कमी होतो. चाकाची दिशा बदलायची थांबत नाही.

भाऊसाहेब मात्र गाडी घेऊन सरळ आमच्याकडे आले. "तुम्ही मोजा, मी पाहतो," एवढंच बोलले. टॉर्शन बारचा (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळईचा) ताण उतरवला, रॅक मधोमध बांधला, हबवर, म्हणजे चाक बसतं त्या भागावर, सपाट प्लेट लावून पुढेमागे दोन डायल गेज (बारीक हालचाल मोजणारी घड्याळं) टेकवले. जॅकनं अर्धा-अर्धा इंच चाक वर घेतलं, मग खाली सोडलं, प्रत्येक आकडा खडूनं फरशीवर लिहिला. वर जाताना टो, म्हणजे चाकाच्या पुढच्या कडेची दिशा, बाहेर, खाली येतानाही बाहेर. दोन्हीकडे एकाच दिशेनं टो बदलतो तेव्हा टाय रॉडच्या (रॅक आणि चाक जोडणाऱ्या दांड्याच्या) लांबीचा दोष असतो. रॅकची उंची चुकली असती तर वर एक दिशा, खाली उलटी. त्या रॅकच्या आतल्या जॉइंटमधलं अंतर जास्त होतं, म्हणून टाय रॉड आखूड पडले होते. आर्म सरळ होते, तेही भाऊसाहेबांसमोर मोजले.

योग्य अंतराचा रॅक शोधला, ब्रॅकेट घरीच बनवलं, उंची शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालून जुळवली. दोन इंच वर, दोन इंच खाली टो जवळपास जागचा हलला नाही. भाऊसाहेबांनी पुढच्या जीपचे पैसे आगाऊ दिले, त्यातून लेथ वाचला. त्या गॅरेजवाल्यानं आजवर शब्द मागे घेतलेला नाही. त्याच्याकडची गिऱ्हाईकं मात्र हल्ली आमच्याकडे मोजायला येतात.

आता आम्ही मूळ रचनेत परत आणायची कामं जास्त घेतो. बदल करायचा असेल तर आधी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा आणि आरटीओत विचारा. रॅक विकत घेण्याआधी आतल्या जॉइंटमधलं अंतर टेपनं मोजा, आणि वरच्या-खालच्या आर्मच्या आतल्या पिव्हटांना (आर्म ज्यावर फिरतात त्या बिंदूंना) जोडणाऱ्या रेषेवर ते जॉइंट येतात का, हे दोरी लावून बघा. कॅस्टर, कॅम्बर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा आणि चाकाचा कल, त्यानंतर. टायर सगळ्यात शेवटी घ्या.